समृद्धीच्या डिव्हायडरमधून बुलेट ट्रेन? जमत नाही भाऊ

नागपूरच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरून राहिला: समृद्धीच्या मधल्या डिव्हायडरमध्ये खांब टाका, वरून मुंबईपर्यंत बुलेट ट्रेन न्या, जमीन फुकट, खर्च अर्धा, वर्धा रोडवर मेट्रो जमली तर हे काहून नाही?

वर्धा रोडचा डबलडेकर पूल (खाली रस्ता, वर मेट्रो) भारीच आहे, वाद नाही. पण मेट्रो ताशी 80 किमीच्या आसपास पळते आणि तिला सारखं थांबायचं असते, तिला वळणाचं काय पडलंय. वळणाची त्रिज्या वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे वेग दुप्पट तर त्रिज्या चौपट. समृद्धी डिझाइन केली 150 साठी, ट्रेन पाहिजे 320 ने, म्हणजे वेग दुपटीच्या थोडा वर पण प्रवाशाला झोका तेवढाच बसू द्यायचा तर वळण साडेचारपट मोठं लागते. रूळ एका बाजूने उचलून थोडं भागते, तरी चारेक किलोमीटर त्रिज्या लागतेच. रस्ता त्याहून आखूड वळला की ट्रेन एकतर डिव्हायडर सोडून शेतात शिरणार नाहीतर ब्रेक मारणार. जपानची पहिली बुलेट लाइन 1964 ची, तिथे 2500 मीटरची वळणं आहेत, आज गाड्या किंचित कलवूनही तिथे 285 च्या वर जात नाहीत.

आता जमीन फुकट. मुंबई-अहमदाबाद बुलेटच्या 508 किमीपैकी बहुतेक लाइन पुलावर आहे, एकेक 40 मीटरचा गर्डर (खांबांवरची तुळई) 970 टनाचा, पैसा तिथे जातो. डिव्हायडरमध्ये बांधला म्हणून गर्डर हलका होतो का? उलट चालू हायवेच्या मधोमध पाया खोदा, आणि मध्ये ओव्हरपास आला की त्याच्याही वरून न्या.

हायवेला चिकटून गेलं की स्वस्त, हेही नाही. जर्मनीत कोलोन-फ्रँकफर्ट (2002) बरीचशी हायवेच्या बाजूने गेली, 4 टक्के चढ ठेवले, तरी डोंगरात 30 बोगदे करावे लागले. आपल्याला कसारा घाट आहेच.

खर्च वाचवला फ्रान्सने. पॅरिस-ल्योन 1981 ला सुरू, मालगाड्या नाहीत म्हणून साडेतीन टक्के चढ चालले, बोगदा एकही नाही, आणि शहरात शिरायला जुनेच रूळ. आपण बुलेटसाठी स्टँडर्ड गेज (दोन रुळांमधलं कमी अंतर) घेतला, ती गाडी आपल्या नेहमीच्या रुंद ब्रॉडगेजवर चालतच नाही, त्यामुळे मुंबईत घुसायला सगळं नवीन.

मला विचाराल तर समृद्धीच्या शेजारून, सरळ आहे तिथे, खुशाल न्या, पण वेग 250 धरा. वळणं त्या वेगाला 320 पेक्षा जवळपास 40 टक्के लहान चालतात, आणि मुंबई-नागपूरच्या 741 किमीत फरक पडतो साधारण 40 मिनिटांचा. दुरांतोत अख्खी रात्र काढणाऱ्याला तेवढं चालते ना.