मणका मोडला तर ‘मिळेल ते घ्या’? नाही!

कर्नाटकातल्या निपाणी-चिक्कोडीकडच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘अपघातात मणका गेला तर कोर्टाच्या नादी लागू नका. अपघात महाराष्ट्रात झाला तर तिकडंच खेटे घालावे लागतात. ट्रिपल सीट असाल तर दावा बाद. डॉक्टर अपंगत्वाचे जेवढे टक्के लिहितील तेवढ्याचेच पैसे. विमा कंपनीचा माणूस देईल ते घ्या आणि मोकळे व्हा.’ हे वाचून कुणीतरी सही करून बसेल, याची मला खरंच धास्ती वाटते.

आधी हद्दीचं. आपली माणसं रोज कागल-कोल्हापूरला कामाला जातात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ प्रमाणे दावा अपघात झाला तिथं, जखमी राहतो किंवा कामधंदा करतो तिथं, नाहीतर समोरचा राहतो तिथं लावता येतो. निवड आपली. कागलला धडक बसली म्हणून निपाणीच्या माणसानं कोल्हापूरला खेटे घालायचं कारण नाही.

ट्रिपल सीटचा दंड वेगळा. पण तिघे बसल्यामुळेच अपघात घडला किंवा इजा वाढली, हे दाखवल्याशिवाय नुसत्या तेवढ्यावरून जखमीचा दोष धरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलंय.

टक्क्यांची गोष्ट मात्र मला जवळून माहीत आहे. माझा चुलतभाऊ गवंडी. उसाच्या ट्रॉलीनं उडवलं, कमरेखालचं सगळं गेलं. वहिनी मोबाईलवर गजर लावून रात्रीसुद्धा दर दोन तासांनी त्याची कूस बदलते, नाहीतर पाठीला जखमा होतात. लघवीची पिशवी तीच रिकामी करते. दाखल्यावर टक्के कितीही असोत, तो परांचीवर चढणार कसा? न्यायालयही हेच विचारतं. हात गेलेल्या सुताराची कमाई जवळपास पूर्ण बुडते, सरकारी कारकुनाची कदाचित बुडणारही नाही, असं उदाहरण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या निकालात आहे.

आणि सेवेचे पैसे वेगळे! २०२० च्याच आणखी एका निकालात डोक्याला मार लागून कायमची परावलंबी झालेल्या बारा वर्षांच्या मुलीसाठी दोन मदतनीसांचे महिना १०,००० रुपये धरले, वर्षाच्या रकमेला १८ चा गुणक (वयाप्रमाणे ठरणारा आकडा) लावला. नुसते सेवेचे २१,६०,००० झाले. वहिनीचं जागरण घरचं म्हणून फुकट कसं धरायचं?

म्हणून घाईनं सही नको. लोकअदालतीत तडजोड झाली की पुढं अपील नसतं. पण बरं झाल्यावर बघू, असंही करू नका. १ एप्रिल २०२२ पासून दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलंय, पण त्या भरवशावर थांबू नये.

वकिलाला पैसे नसतील तर बेळगावच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. अपंग व्यक्तीला आणि बाईमाणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जाताना एफआयआर, डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची बिलं न्या. वहिनीनं पहिल्या दिवसापासून शाळेच्या एका वहीत सगळं लिहून ठेवलंय, रिक्षाचे पैसेसुद्धा.