शॉकअपवाल्या सायकलीचा मेसेज

चतुर्थी सरली, पाऊस जरा उघडला की आमच्या ग्रुपांवर तो मेसेज हमखास फिरू लागतो. सांगणं असं: गावच्या खड्ड्यांतून रोज कामाला जायचं तर पुढे-मागे शॉकअप असलेलीच सायकल घ्या, टायर जाड आणि हवा टणक ठेवा, गिअर निदान 21 हवेत, फ्रेम अल्युमिनियमची, ब्रेक डिस्कचे. साधी सायकल घ्याल तर कंबरेतून जाल. यंदा मला तो चौघांनी पाठवला. त्यातल्या दोघांकडे सायकलच नाही.

मी गोव्यात मयेहून चोडणमार्गे रायबंदरच्या फेरीबोटीपर्यंत सायकलने जातो. वाटेत डांबर आहे, पण पाइप घालायला खणलेले आणि कसेबसे बुजवलेले चर त्याहून जास्त आहेत. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतांच्या कडेने आतली वाट धरली की नुसती तांबडी खडी.

आधी शॉकअप. माझी पहिली सायकल तसलीच होती, हौसेने घेतलेली. स्वस्त शॉकअपमध्ये असते एक स्प्रिंग. तिची उसळी आवरायला तेलाची यंत्रणा बहुतेक वेळा नसतेच. मोठ्या खड्ड्यात ती दबते आणि तितक्याच जोरात उलट उडवते. बारीक खडीवर, म्हणजे हाताला मुंग्या येतात त्या ठिकाणी, ती जागची हलतही नाही. असा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) अडीच किलोच्या घरात जातो, साधा लोखंडी फोर्क साधारण एक किलोचा. चढावर उभं राहून पायडल मारलं की दर वेळी पुढचं चाक खाली बसतं आणि तुमचा जोर स्प्रिंग खाते. दुसऱ्या पावसात तांबडा चिखल सीलच्या आत शिरला, नळ्यांवर गंज धरला आणि माझा शॉकअप जो आवळला तो कायमचा. म्हणजे पुढचं वर्षभर मी दीड किलो जादा लोखंड फुकट ओढत होतो.

महागडे शॉकअप खरंच काम करतात, हे मान्य. पण त्यांच्या खालच्या नळ्यांतलं तेल साधारण 50 तास चालवल्यावर बदलायचं असतं. रोज तासभर चालवणाऱ्याने दर दोन महिन्यांनी ते कोणाकडे न्यायचं? आणि मागे शॉकअप असला तर कॅरियर नीट बसत नाही. डबा, रेनकोट, बदलायचे कपडे सगळं पाठीवर घेऊन घाम गाळायचा.

आपल्याकडे याचा पुरावा रोज पहाटे दारात येऊन भोंगा वाजवतो. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या सायकलीला शॉकअप पाहिलाय कोणी? (आता बरेच पोदेर स्कूटरवर आले, ते सोडा.) मागे पावांची भलीमोठी टोपली, वर प्लास्टिक, आणि ज्या वाटांवर पंचायतीचं डांबर कधी पोचलं नाही तिथेही तो पोचतो. त्याच्या जुन्या काळ्या सायकलीचा 28 बाय दीडचा टायर 40 मिलिमीटर रुंद असतो. गंमत त्या रुंदीत आहे.

कारण सायकलीचा खरा शॉकअप म्हणजे टायरमधली हवा. डनलॉपने 1888 मध्ये पोराच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला तो याच हादऱ्यांपायी. टायरची रुंदी दीडपट केली की आतली हवा सव्वादोनपट होते: 28 मिलिमीटरच्या जागी 42 घातला की एवढा फरक. तेव्हा ‘जाड टायर घ्या’ हे मेसेजचं म्हणणं बरोबर. पण लगेच ‘टणक हवा’ सांगून त्याने ते पुसून टाकलं. शॉकअप घेऊन त्यात सिमेंट ओतण्यातला प्रकार. टायरवर छापलेला मोठा आकडा ही मर्यादा असते, सल्ला नसतो. 70 किलोच्या माणसाने 42 च्या टायरमध्ये पुढे 40 आणि मागे 45 ते 50 पाउंड हवा भरून बघावी. मागे जास्त, कारण वजन मागे. फारच कमी ठेवली तर खड्ड्यात रिम ट्यूबला चावते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. तशी पडली तर पाच पाउंड वाढवा.

म्हणून दुकानात गेल्यावर मी बघतो ती टायर आणि फ्रेममधली फट. मडगार्ड लावल्यावरही करंगळी सहज गेली पाहिजे, नाहीतर चिखल आणि पानं अडकून चाक जाम. मडगार्डला, कॅरियरला भोकं आहेत का तेही तिथेच बघायचं. 29 इंची आणि 700 सी ही नावं वेगळी असली तरी रिमचा व्यास एकच, 622 मिलिमीटर. तेव्हा 29 म्हणजे काही खास जंगली चाक, असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

21 गिअरांचा हिशेब बोटांवर होतो. पुढे 42, 34, 24 दात, मागे 14 ते 28, ही नेहमीची जोडणी. पुढच्या 42 ला मागचा 24, 34 ला 20 आणि 24 ला 14: तिन्हींत पायडलच्या एका फेऱ्याला चाक सुमारे पावणेदोन फेरे घेतं. तीन गिअर मोजले, चाल एकच. पुढे एक चक्र आणि मागे 34 दातांपर्यंत आठ-नऊ, एवढ्यात आमचे चढ होतात.

अल्युमिनियमला तांबडा गंज येत नाही, खरं. चेन, स्पोक, बोल्ट मात्र लोखंडीच राहतात, आणि खाऱ्या हवेत अल्युमिनियमच्या फ्रेममध्ये लोखंडी सीटची दांडी ग्रीस न लावता ठेवली तर ती अशी चिकटते की हातोड्याला ऐकत नाही.

राहिला डिस्क ब्रेक. इथे मी मेसेजच्या बाजूने. केबलवालाच घ्या, तो घरी पान्याने जुळवता येतो. रिमच्या ब्रेकमध्ये तांबडी रेती अडकली की पॉलिश पेपरसारखी रिम घासत राहते, आणि क्रोमच्या ओल्या रिमवर रबर नुसतं घसरतं. जुलैत चोडणच्या धक्क्याचा उतार शेवाळाने हिरवा असतो, खाली फेरी सुटायच्या बेतात असते. तिथे एकदा मी जुन्या सायकलीचे दोन्ही ब्रेक मुठीत आवळून, चपला घासत घासत, अर्धा उतार तसाच गेलो होतो. फेरीवरच्या माणसाने हँडल धरलं म्हणून थांबलो.