पेन्शन पुरली असती तर कोण फिरलं असतं?

अमेरिकेत म्हातारपणी घर सोडून गाडीतच राहणाऱ्या, कामासाठी गावोगाव फिरणाऱ्या माणसांचा ग्रुपवरचा व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेलाच होता. सोलापूरच्या पार्क चौकात चहा यायच्या आत सुरू झालं.

"काय जगणं आहे बघा!" बँकेतनं रिटायर झालेले सर म्हणाले. "सत्तरीतली माणसं, गाडीतच संसार. आज ॲरिझोना, उद्या डकोटा. याला म्हणतात लाइफस्टाइल!"

"डकोटाला कशाला जातात, ते बघितलं का?" अण्णांनी विचारलं. "ऑक्टोबरात बीट निघतं, त्याचे ट्रक रिकामे करायला. थंडीत बारा-बारा तासांची पाळी. त्या बिटाची साखर होते, सर. आपल्याकडं ऊस, त्यांच्याकडं बीट."

"तुलना करू नका हो. त्यांनी ते निवडलंय."

"घरभाडं झेपंना म्हणून घर सोडलं, त्याला निवडलं म्हणायचं?"

इथं मी मध्ये पडलो. २००८ च्या मंदीत तिकडं कित्येकांची घरं गेली, आणि त्याच वर्षी ॲमेझॉननं गाडीत राहणाऱ्यांना नाताळच्या गर्दीपुरतं गोदामात घ्यायला सुरुवात केली. हे सांगितलं तर सर मोबाइलमधला गाडीचा पडदा दाखवायला लागले. फुलाफुलांचा होता.

"पण त्यांना सरकारी पेन्शन असतंय की, अण्णा," पिंट्या म्हणाला.

"असतंय, पुरत नाही. मलाबी आहे की. गिरणीत हयात घातली, हातात ईपीएस-९५ चे, म्हणजे पीएफवाल्या पेन्शनीचे, महिन्याला हजार रुपये. २०१४ ला किमान हजार ठरले, अजून हजारच. बीपीच्या गोळ्या घेऊ का गॅस भरू?"

सर गप्प.

मागच्या हंगामात मोहोळ रोडला बघितलेली आजी मला आठवली. उसाच्या गाडीवर पुढं बसलेली, हातात कासरा, मांडीवर झोपलेलं नातवंड. पासष्टीच्या पुढची नक्कीच. मी सांगितलं तसं अण्णा म्हणाले, "आगाऊ घेतलेली उचल फिटली नाही की ऊसतोडीचा मुकादम वय विचारत नाही. तिच्या खोपीला कोण लाइफस्टाइल म्हणतंय का?"

मला अण्णांचं शंभर टक्के पटतं. उतारवयात काम करावं लागणं आणि करावंसं वाटणं, यात फार फरक आहे.

सर हटेनात. "मी तर गाडीत बेड टाकणारच!"

"टाका की. हुरड्याला निघालो तेव्हा बाळे गावाच्या पुढं गेली नव्हती तुमची गाडी."

"बॅटरी होती ती, बॅटरी!"

"आम्ही ढकलत होतो, तुम्ही आत बसून 'जोर लावा' म्हणत होता," पिंट्या उसळला.

"हंगामी मजूर होतो की आम्ही," अण्णा म्हणाले. "मजुरी अजून बाकी आहे, सर."

चहावाल्यासकट सगळे हसले. बिल सरांनी दिलं.