डोके झाकणे आजही सक्तीचे आहे? एका फिरत्या संदेशाला उत्तर

गेली काही वर्षे कॅथलिक घरांमधून एक संदेश फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, सांगणे तेच असते: 'मिस्साला जाताना स्त्रीने मस्तक झाकलेच पाहिजे, ही ख्रिस्तसभेची आज्ञा आजही लागू आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ती कधीच रद्द केली नाही. संत पौलाने ती घालून दिली, दुसरे पोप लायनस यांनी तिचा कायदा केला, आणि स्त्रीमुक्तीवाल्यांच्या नादी लागून बायकांनी ती सोडली. उघड्या डोक्याने ख्रिस्तशरीर स्वीकारणारी स्त्री पाप करते.'

आधीच सांगते, मी स्वतः मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, डोके झाकून बसते. बरीच वर्षे झाली. कोणी सांगितले म्हणून सुरू केले नव्हते आणि कोणी सांगितले म्हणून सोडणारही नाही. तरीही हा संदेश खोडून काढायचा आहे, त्याला कारण एक अंत्यविधीची मिस्सा. आपल्या आईला निरोप द्यायला आलेली एक बाई माझ्या शेजारी बसली होती. मागच्या बाकावरून कोणीतरी वाकून तिच्या खांद्यावर रुमाल ठेवला आणि म्हणाले, "डोक्यावर घे, नाहीतर पाप लागतं." तिने रुमाल घेतला, मांडीवर ठेवला, आणि कम्युनियनची, म्हणजे ख्रिस्तशरीर मानलेली भाकर घेण्याची, रांग लागली तेव्हा ती जागची उठली नाही. आईच्या शेवटच्या मिस्सेत ती उपाशी राहिली. ज्या आज्ञेच्या नावाने हे घडले ती आज्ञा अस्तित्वातच नाही.

'परिषदेने रद्द केले नाही.' हे खरे आहे, आणि ते मान्य करायला काहीच हरकत नाही. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या जगभरच्या बिशपांच्या परिषदेने १६ दस्तऐवज दिले. त्यांत स्त्रियांच्या मस्तकावरच्या वस्त्राबद्दल चकार शब्द नाही. त्यापुढचीही एक गोष्ट संदेशाच्या बाजूची आहे. १९६९ साली नियम उठल्याच्या बातम्या छापून आल्या, तेव्हा उपासनाविषयक व्हॅटिकन कार्यालयाचे सचिव अन्नीबाले बुन्यीनी यांनी खुलासा केला, की आपल्या बोलण्याचा चुकीचा अर्थ काढला गेला, नियम आहे तसाच आहे. म्हणजे परिषद संपल्यावरही हा नियम कागदावर होता. फक्त तो परिषदेच्या कागदावर नव्हताच, त्यामुळे तो रद्द झाल्याची नोंद तिथे सापडणारही नाही.

नियम होता १९१७ च्या कॅनन कायद्यात, म्हणजे ख्रिस्तसभेच्या स्वतःच्या कायदेसंहितेत. पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी तो कायदा जाहीर केला आणि १९१८ च्या पेंटेकॉस्टच्या सणापासून तो अमलात आला. त्याचे कलम १२६२ सबंध वाचण्यासारखे आहे. पहिल्या भागात म्हटले आहे, की प्राचीन शिस्तीला अनुसरून चर्चमध्ये स्त्रिया आणि पुरुष वेगवेगळे बसावेत हे इष्ट. दुसऱ्या भागात पुरुषांनी उघड्या मस्तकाने उपस्थित राहावे, लोकांच्या मान्य चालीरीती किंवा विशेष परिस्थिती आड येत असेल तर गोष्ट वेगळी. आणि स्त्रियांनी मस्तक झाकून, शालीन पोशाखात यावे, विशेषतः प्रभूच्या मेजाजवळ जाताना. संदेश पाठवणाऱ्यांनी या कलमाचे एकच वाक्य उचलले. त्याच कलमातली वेगळ्या बाकांची इच्छा त्यांना आठवत नाही. नवराबायको एकाच बाकावर बसतात, त्यांच्या खांद्यावर कोणी रुमाल ठेवत नाही.

मग हा नियम गेला कधी? पोप जॉन पॉल दुसरे यांनी २५ जानेवारी १९८३ रोजी नवा कॅनन कायदा जाहीर केला. त्याच वर्षी आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या काळाच्या, पहिल्या रविवारी, २७ नोव्हेंबरला, तो लागू झाला. त्याच्या सहाव्या कलमाचे पहिलेच सांगणे असे, की हा कायदा लागू होताच १९१७ चा कायदा रद्द होतो. एखाददुसरे कलम नव्हे, सगळा कायदा. जुन्यातले जे ठेवायचे होते ते नव्यात पुन्हा लिहिले गेले. कलम १२६२ कुठेही पुन्हा लिहिलेले नाही.

इथे थोडी अभ्यासू माणसे नव्या कायद्याचे कलम २१ पुढे करतात: शंका असेल तर जुना कायदा रद्द झाला असे गृहीत धरू नये. कलम खरे आहे, पण त्याची अट 'शंका असेल तर' अशी आहे. ज्या कायद्यात नियम होता तो कायदा नाव घेऊन रद्द केल्यावर शंका उरते कशाबद्दल?

यापेक्षा वजनदार मुद्दा रूढीचा आहे. 'कायदा गेला, पण डोके झाकणे ही कायद्याच्याही आधीची, अनादी काळापासूनची रूढी आहे, आणि कलम २८ प्रमाणे अशी रूढी स्पष्ट उल्लेखाशिवाय रद्द होत नाही.' हा युक्तिवाद मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मलाही तो पटला होता. मग कलम पूर्ण वाचले. त्याच कलमाचे पहिले वाक्य म्हणते, की विरुद्ध रूढीनेही रूढी संपते. रूढी माणसांच्या आचरणात जगते. बहुतेक देशांतल्या लॅटिन, म्हणजे रोमच्या पाश्चात्त्य परंपरेच्या, विधीच्या स्त्रियांनी १९७० च्या आसपास डोके झाकणे सोडले. त्यांच्या बिशपांनी ते पाहिले, त्यांना ख्रिस्तशरीर दिले, त्यांना वाचक आणि कम्युनियन देणाऱ्या सेविका म्हणून वेदीजवळ बोलावले, आणि रोमने यावर एकदाही दोष ठेवला नाही. अर्ध्या शतकाहून अधिक काळ चाललेले हे आचरण रूढी नसेल तर रूढी म्हणायचे कशाला? जिथे डोके झाकण्याची चाल अजून जिवंत आहे तिथे ती आदराने पाळली जाते, जावी. मात्र ती सगळ्या जगावर बंधन घालत नाही. १९१७ चा कायदासुद्धा सगळ्या जगासाठी नव्हता. पहिल्याच कलमात तो लॅटिन ख्रिस्तसभेपुरता आहे असे लिहिले होते. रोमशी ऐक्यात असलेल्या पौर्वात्य ख्रिस्तसभांची शिस्त वेगळी, त्यांचा कायदा १९९० चा, आणि त्यांच्यात काही ठिकाणी स्त्रिया आजही कटाक्षाने मस्तक झाकतात, काही ठिकाणी झाकत नाहीत.

आता संत पौल. इथे घाई करून चालणार नाही, कारण संदेशाचा खरा जोर इथेच आहे आणि भाविक मन हलते तेही इथेच.

करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल सांगतो, की पुरुषाने प्रार्थना करताना मस्तक झाकू नये आणि स्त्रीने उघडे ठेवू नये. हे शब्द देवाच्या वचनातले आहेत, त्यांना झटकून टाकण्याचा प्रश्नच येत नाही. प्रश्न असा, की त्यातली कोणती गोष्ट कायमची श्रद्धा आणि कोणती त्या काळची शिस्त. याचे उत्तर माझ्या तुमच्या मतावर सोडलेले नाही. पोप पॉल सहावे यांच्या मान्यतेने श्रद्धाविषयक धर्ममंडळाने १५ ऑक्टोबर १९७६ रोजी एक जाहीरनामा काढला, 'इंतेर इन्सिग्निओरेस'. स्त्रियांना याजकपद का देता येत नाही हे सांगणारा तो दस्तऐवज. त्यात पौलाच्या याच वचनांचा उल्लेख करून म्हटले आहे, की स्त्रियांनी मस्तकावर आच्छादन घ्यावे यासारख्या सूचना बहुधा त्या काळच्या चालीरीतींतून आलेल्या, फारशा महत्त्वाच्या नसलेल्या शिस्तीच्या बाबी आहेत, आणि त्यांना आता बंधनकारक मूल्य उरलेले नाही. हे लिहिणारे कोणी परंपरेचे शत्रू नव्हते. परंपरा राखण्यासाठीच तो दस्तऐवज होता, आणि डोक्यावरचे वस्त्र परंपरेच्या त्या न बदलणाऱ्या गाभ्यात मोडत नाही हे त्याने मुद्दाम वेगळे करून सांगितले.

पौलाचा तो उतारा सावकाश वाचला तरी हे जाणवते. करिंथ ही ज्युलियस सीझरने इ. स. पूर्व ४४ मध्ये पुन्हा वसवलेली रोमन वसाहत. रोमन पुरुष यज्ञ करताना टोग्याचे, म्हणजे अंगावर गुंडाळायच्या वस्त्राचे, टोक डोक्यावर ओढून घेत. करिंथलाच सम्राट ऑगस्टसचा असा मस्तक झाकलेला पुतळा सापडला आहे. पुरुषांनी मस्तक झाकू नये, असे पौल कोणत्या शहरातल्या लोकांना सांगत होता ते यावरून कळते. स्त्री 'प्रार्थना करते किंवा संदेश देते' तेव्हा, असे पाचव्या वचनात आहे. म्हणजे स्त्रिया भर मंडळीत उघडपणे बोलत होत्या, हे पौलाने धरूनच चालले आहे. संदेश फिरवणारे त्या शब्दांवर कधी थांबत नाहीत. चौदाव्या वचनात पुरुषाचे लांब केस लाजिरवाणे म्हटले आहेत; त्याचा कायदा कोणी केला नाही. पंधराव्यात स्त्रीला केस आच्छादनाच्या जागी दिले आहेत असे येते. आणि सोळाव्यात वादाचा शेवट करताना पौल 'रीत' हाच शब्द वापरतो.

दहाव्या वचनाने तर मला वर्षानुवर्षे खिळवून ठेवले आहे. 'देवदूतांमुळे' स्त्रीच्या मस्तकावर काय असावे? काही भाषांतरांत 'अधीनतेचे चिन्ह' असे येते. मूळ ग्रीकमध्ये शब्द आहे 'एक्सूसिया', म्हणजे अधिकार. 'चिन्ह' हा शब्द तिथे नाही, 'अधीनता' तर नाहीच. पौलाला नेमके काय म्हणायचे होते यावर शतकानुशतके चर्चा चालू आहे. देवदूत उपासनेत हजर असतात म्हणून, असे कोणी म्हणतात. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला कार्थेजच्या तर्तुल्यन या ख्रिस्ती लेखकाने उत्पत्तीच्या पुस्तकातल्या पतित देवदूतांशी त्याचा संबंध जोडला. इतक्या गूढ वचनाला 'देवदूत उघडे डोके पाहून तोंड फिरवतात' असा अर्थ चिकटवून मुलींना घाबरवणे मला सहन होत नाही.

तर्तुल्यनचे नाव निघालेच आहे तर आणखी एक. कुमारिकांनीही मस्तक झाकावे, असा आग्रह धरणारा एक सबंध ग्रंथ त्याने लिहिला. त्यातच तो सांगतो, की आपल्याकडे अगदी आतापर्यंत हे प्रत्येक कुमारिकेच्या निवडीवर सोडलेले होते. म्हणजे सक्तीचा सर्वांत कडवा पुरस्कर्ताच त्या काळी सर्वत्र एक नियम नव्हता याची साक्ष देतो.

पोप लायनस यांच्या फर्मानाबद्दल फार लिहायची गरज नाही. प्रेषित पेत्राच्या आज्ञेवरून लायनस यांनी हा नियम केला, ही माहिती 'लिबेर पॉन्तिफिकालिस' या पोपांच्या चरित्रसंग्रहात आहे. तो संग्रह सहाव्या शतकातला, लायनस पहिल्या शतकातले. सुरुवातीच्या पोपांबद्दलचा त्यातला असा तपशील इतिहासकार पुरावा म्हणून धरत नाहीत.

स्त्रीमुक्तीचा आरोप अर्धवट खरा आहे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय स्त्री संघटनेने १९६८ साली चर्चमध्ये डोके झाकण्याविरुद्ध ठराव केला होता. पण त्याच दशकात स्त्रियांच्या आणि पुरुषांच्याही हॅट रस्त्यावरून दिसेनाशा होत होत्या. ज्या बायकांनी त्या ठरावाचे नावही ऐकले नव्हते त्यांनीही डोके झाकणे सोडले. त्या सगळ्या बंडखोर होत्या असे म्हणणे हा आपल्या आयांचा आणि आज्यांचा अपमान आहे. त्यांनी रोझरी सोडली नव्हती, उपवास सोडले नव्हते.

राहिला पापाचा मुद्दा. परिषदेआधीच्या जुन्या लॅटिन मिस्सेवर मनापासून प्रेम करणारे कार्डिनल रेमंड बर्क २०११ मध्ये ख्रिस्तसभेच्या सर्वोच्च न्यायालयाचे प्रमुख होते. त्या वर्षी एका पत्राला त्यांनी उत्तर दिले: नेहमीच्या मिस्सेत स्त्रीने मस्तक झाकणे आवश्यक नाही, जुन्या विधीच्या मिस्सेत ते अपेक्षित आहे, पण तिथेही न झाकणे हे पाप नाही. ते पत्र म्हणजे कायदा नव्हे, पण कायदा जाणणाऱ्या आणि परंपरेच्या बाजूच्या माणसाने तो कसा वाचला हे त्यात दिसते. कम्युनियनबद्दल तर कायदाच बोलतो. नव्या कायद्याचे कलम ९१२: ज्याला कायद्याने मनाई केलेली नाही अशा प्रत्येक बाप्तिस्मा झालेल्या व्यक्तीला ख्रिस्तशरीर देता येते आणि दिलेच पाहिजे. मनाईच्या कारणांत उघडे मस्तक नाही. पांढरी मँटिला (डोक्यावरची जाळीदार ओढणी) कुमारिकेची, काळी विवाहितेची, ही रंगांची वाटणीही कोणत्याच कलमात नाही.

हेच दुसऱ्या बाजूलाही लागू आहे. डोके झाकणाऱ्या मुलीला 'हे आता चालत नाही, काढ ते' म्हणणारेही भेटतात. मलाही भेटले आहेत. तसा नियमही कुठे नाही. मी ओढणी का घेते, असे विचारले तर सांगेन: ती घेतली की माझे मन गोळा होते, समोर कोण आहे ते आठवते. शेजारच्या बाईचे मन कशाने गोळा होते ते मला माहीत नाही, आणि ते विचारायचा हक्क मला कोणी दिलेला नाही.

हा संदेश पुन्हा तुमच्यापर्यंत आला तर पाठवणाऱ्याला कलम ६ आणि कलम ९१२ वाचायला सांगा. आणि पुढच्या बाकावर कोणी उघड्या डोक्याने शोक करत बसली असेल, तर रुमाल तिचे डोळे पुसायला द्या.