हूटर लावलाय ना? मग किल्ली कुणाकडे आहे तेही शटरवर लिहा

दुकानाला चोरघंटा लावायची, कुलूप घालायचं आणि गावाला निघून जायचं, हे आता नियमानेच थांबवायला हवं. माझा विरोध चोरघंटेला नाही. आमच्या पेठेत सराफ आहेत, मोबाईलवाले आहेत, औषधांची दुकानं आहेत. त्यांनी आपला माल जपलाच पाहिजे. पण हूटर वाजायला लागला की तो बंद करायला कोण येणार आणि किती वेळात येणार, हे विचारायची सोय आज कुणालाच नाही.

मागच्या दिवाळीत भाऊबीजेच्या रात्री आमच्या बोळातल्या एका बंद दुकानाचा हूटर सुरू झाला. मालक सहकुटुंब कोकणात गेलेले. दोन-तीन मिनिटं वाजायचा, थांबायचा, जरा डोळा लागतोय तोवर पुन्हा सुरू. वरच्या मजल्यावर एक मुलगी बाळंतपणाला माहेरी आलेली. तिची आई खिडकीच्या फटींत गोधड्या कोंबत होती. आम्ही ११२ ला फोन केला. बीट मार्शल आले, लवकर आले. टॉर्च मारून दोन्ही कुलपं हलवून पाहिली, शाबूत होती. मग त्यांनीच आम्हाला विचारलं, "मालकाचा नंबर आहे का कुणाकडे?" दुकानाच्या पाटीवर नंबर होता. लावला. हूटर नेमका थांबलेला होता, म्हणून ऐकू आलं: फोन शटरच्या आतच वाजत होता.

कुलूप तोडायचा अधिकार ना पोलिसांना वाटत होता, ना आम्हाला होता. वायर कापावी तर उद्या आमच्यावरच तक्रार. पहाटेपर्यंत सगळा बोळ जागा. नंतर कारण कळलं ते असं: आतल्या सेन्सरवर पाल फिरत होती, आणि मालकाच्या मोबाईलवर फोन लावणाऱ्या डायलरमधल्या सिमचा रिचार्ज संपलेला होता. म्हणजे यंत्र आपलं काम करत होतं, फक्त ज्याला कळायला हवं त्याला सोडून बाकी सगळ्यांना कळत होतं.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. हूटरच्या खोक्यावर १०० च्या वरचा आकडा छापलेला असतो. भारतीय न्याय संहितेत सार्वजनिक उपद्रवाला दंडही आहे, फार तर १,००० रुपये. पण हे सगळं दुसऱ्या दिवशीचं झालं. रात्री दोन वाजता तो आवाज बंद कोण करणार, याचं उत्तर यातल्या एकाही कलमात नाही.

इंग्लंडने नेमका हाच प्रश्न २००५ च्या एका कायद्यात सोडवला आहे. तिथली स्थानिक परिषद एखादा भाग ठरवून जाहीर करू शकते. मग त्या भागात अलार्म असलेल्या प्रत्येकाला किल्ली सांभाळणाऱ्या माणसाचं नाव आणि फोन परिषदेला कळवावा लागतो. हा माणूस जवळपास राहणारा हवा आणि अलार्म बंद कसा करायचा हे त्याला माहीत हवं. अलार्म सलग २० मिनिटांहून जास्त, किंवा थांबून थांबून तासाहून जास्त वाजला, लोकांना त्रास होतोय आणि किल्लीवालाही सापडत नाही, तर परिषदेचा अधिकारी आत जाऊन तो बंद करू शकतो. दार फोडायचं असेल तर न्यायदंडाधिकाऱ्याचं वॉरंट लागतं. थांबून थांबून वाजणाऱ्याचाही विचार केलाय, हे मला फार मोलाचं वाटतं. कारण खरा छळ तोच असतो.

अमेरिकेत भर वेगळा आहे. तिथे प्रश्न पोलिसांच्या वेळेचा. सिएटलमध्ये २०२३ साली अलार्मचे सुमारे १३,००० कॉल आले आणि त्यातल्या चार टक्क्यांहून कमी ठिकाणी खरोखर गुन्हा निघाला. म्हणून ऑक्टोबर २०२४ पासून तिथले पोलीस नुसत्या सेन्सरच्या इशाऱ्यावर जात नाहीत, कॅमेरा, आवाज, पॅनिक बटण किंवा डोळ्यांनी पाहिलेला माणूस असा काही आधार मागतात. हे मला आपल्याकडे नको आहे. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने पोलीस यावेत म्हणून महागडा कॅमेरा का बसवायचा? त्यापेक्षा टेक्सासचा कायदा शहाणा वाटतो. बारा महिन्यांत पहिल्या तीन खोट्या घंटांना शहराला दंड करता येत नाही, त्यापुढे चढता दंड, तोही सुरुवातीला फार तर ५० डॉलर. पाल एकदा फिरेल, उंदीर एकदा वायर कुरतडेल, हे समजून घेतलंय. पण वर्षभर दुरुस्तीच केली नाही, तर मात्र पैसे मोजा.

आणि हा फक्त झोपेचा प्रश्न नाही. आमच्या बोळात आता हूटर वाजला की कुणी खिडकीतून डोकावतही नाही. "वाजतोय परत" म्हणून कूस बदलतात. उद्या खरंच शटर उचकटलं तरी हेच होणार, आणि त्यात नुकसान दुकानदाराचंच आहे.

महाराष्ट्रात मोजके कामगार असलेल्या छोट्या दुकानांनाही २०१७ च्या कायद्याप्रमाणे सरकारला आपल्या धंद्याची सूचना द्यावी लागते. त्याच अर्जात एक रकाना वाढवा: हूटर आहे का, असल्यास किल्ली कुणाकडे. तोच मोबाईल नंबर शटरवर रंगवा आणि पोलीस चौकीतही द्या. हूटर २० मिनिटांत आपोआप गप्प झाला पाहिजे आणि तोच सेन्सर पुन्हा पुन्हा त्याला उठवणार नाही, अशी सेटिंग बसवणाऱ्यानेच करून द्यायची. सोसायट्यांतल्या बंद फ्लॅटना, बंगल्यांनाही हेच लागू करा. परदेशी मुलांनी आईवडिलांच्या बंद घराला अलार्म लावलेला असतो, किल्ली मात्र भलत्याच उपनगरातल्या मावशीकडे.

या मागण्यांचा अर्ज आम्ही क्षेत्रीय कार्यालयात आणि पोलीस ठाण्यात देतोय. पेठेतल्या काही दुकानदारांनी आपणहून सह्या केल्या, शटरवर नंबरही लिहिले, त्यांचे मनापासून आभार. ज्यांना सही करायची आहे त्यांनी खाली कळवा. आणि या दिवाळीत बाहेरगावी जाणार असाल, तर निघायच्या आधी डायलरच्या सिमचा रिचार्ज तपासा आणि एक किल्ली शेजाऱ्याकडे ठेवा.