कापराची पोटली आणि पाळणा

थंडी पडली की तो मेसेज पुन्हा फिरायला लागतो. कापूर, ओवा, लवंग, वर निलगिरी तेलाचे थेंब. पोटली बांधून हुंगत राहा, ऑक्सिजन वाढतो. 'शंभर टक्के नैसर्गिक, केमिकल नाही, बाळालाही चालतं.' २०२१ मध्ये नागपुरात लोक बेडसाठी वणवण फिरत होते तेव्हाही हाच मेसेज होता. परवा आमच्या वहिनींनी इतवारीतून कापूर आणवला आणि तान्ह्या नातवाच्या पाळण्याला पोटली बांधली, म्हणून हे लिहावं लागतंय.

खाली कुणीतरी 'शास्त्रीय कारण'ही चिकटवलंय: कापरात ऑक्सिजन असतो. असतो ना! दहा कार्बन, सोळा हायड्रोजन, एक ऑक्सिजन. पण तो रेणूत जखडलेला आहे, हुंगल्याने सुटून रक्तात जात नाही. ऑक्सिजन पाण्यातही आहे, म्हणून फुटाळा तलावात नाक बुडवून कोणी श्वास घेतं का?

नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, तेवढं मान्य. निलगिरीतलं सिनिओल आणि बामातलं मेन्थॉल नाकातल्या थंडावा ओळखणाऱ्या नसा चेतवतात. मेन्थॉलवरच्या प्रयोगांत लोक 'बरं वाटलं' म्हणाले, पण मोजली तेव्हा नाकातून जाणारी हवा तेवढीच भरली. आतून ऑक्सिजन घसरत असताना वरून बरं वाटणं, यासारखा घात नाही.

'केमिकल नाही' म्हणे. मग ओव्यातलं थायमॉल, लवंगेतलं युजेनॉल काय आहे? युजेनॉल दातांचे डॉक्टरही वापरतात. आणि पूजेचा कापूर बहुतेक वेळा कारखान्यात टर्पेंटाइनपासूनच बनतो. नैसर्गिक!

आता बाळ. कापूर पोटात गेला तर लहान मुलांना काही मिनिटांतही झटके येऊ शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९८३ मध्ये बामासारख्या उत्पादनांत कापराचं प्रमाण ११ टक्क्यांवर बांधून टाकलं. वडीत तो जवळजवळ निव्वळ असतो, आणि पाळण्यातलं पोर हाताला लागेल ते तोंडात घालतं. कापराच्या बामाच्या डबीवरही दोन वर्षांखालच्या मुलांना लावू नका, असं लिहिलेलं असतं. ते कोणी फॉरवर्ड करत नाही.

वहिनी, पोटली काढा. नाक चोंदलं असेल तर डॉक्टरांना विचारून सलाईनचे थेंब घाला. बाळ दूध घेत नसेल, श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, तर सरळ मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात न्या, रात्र असली तरी.