खंयचें नार्वें?

साडूने पाठवलेला व्हॉइस मेसेज चार मिनिटांचा होता. ‘फोंड्याहून नीघ. म्हार्दोळ, मंगेशी, कुंडई, भोम. बाणस्तारीचा पूल चढायचा नाही. ऐकलंस ना? पूल चढायचा नाही! अलीकडेच उजवीकडे माशेलला वळ...’ पुढे आमोण्याचा पूल, मये आणि नार्वे. मधली दीड मिनिटे माशेलात त्याच्या गाडीला कोणी ठोकले त्याची हकिकत.

नार्व्याला त्याच्या नातवाची मुंज होती. मुहूर्त ११ वाजून १२ मिनिटांचा. आणि नेमका त्याच सकाळी मला स्वाभिमान सुचला.

तसा मी सांगितल्या वाटेने जाणारा माणूस. वडील म्हणाले कॉमर्स, मी कॉमर्स घेतले. मामा म्हणाले, ‘आधी सरकारी नोकरीला लाग, मग पुढचं बघू.’ लागलो. त्याला ३१ वर्षे झाली, पुढचे बघायचे राहूनच गेले. वर्गातला एक जण तारवावर गेला, दुसरा पोर्तुगीज पासपोर्ट काढून विलायतेला. मला खरे तर नाटकात जायचे होते. आमच्या गावच्या जत्रेला मराठी नाटक झाल्याशिवाय देवालाही झोप लागत नाही, म्हणून मंडळाकडे गेलो. त्यांनी माझा आवाज ऐकला आणि प्रॉम्प्टर केले.

प्रॉम्प्टर म्हणजे विंगेत संहिता घेऊन बसणारा, जगाला वाट दाखवणारा आणि स्वतः कुठेही न जाणारा प्राणी. तीस वर्षांत एकाही नटाने माझे धड ऐकलेले नाही. पाठांतर नसते, पण मान असतो. एकदा आमच्या नायकाने पहिल्या अंकात घाईघाईने तिसऱ्या अंकातले वाक्य म्हटले आणि खलनायकाच्या पोटात तलवार खुपसली. मी विंगेतून ‘अजून नाही, अजून नाही!’ ओरडत होतो. ते मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेले, नायकाला तेवढे गेले नाही. खलनायक बिचारा पडला. मग घाव वरवरचा निघाला असे ठरवून त्याला दुसऱ्या अंकात पुन्हा उभा केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहाटे तो नायक मला म्हणाला, ‘बघितलंस? कलाकाराला आपली वाट असते.’

ते वाक्य बाणस्तारीला आठवले आणि मी पूल चढलो.

‘अहो, साडूभावजी नको म्हणाले होते ना?’ बायको म्हणाली.

‘आज मी माझ्या वाटेने जाणार,’ मी म्हणालो, आणि फोनमधल्या बाईला नार्वे विचारले. माझी वाट ती हीच. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचे डोके चालवले ते असे दुसरीच्या हवाली करून.

ह्या बाईला गोवा कोणी शिकवला देवजाणे. पोर्तुगीजांनी आपल्या गावांची रोमन स्पेलिंगे आपल्या जिभेच्या सोयीने केली, ती अजून पाट्यांवर आहेत आणि ती जशीच्या तशी ही वाचते. म्हापशाचे मापूका, साखळीचे सॅन्क्वेलिम, डिचोलीचे बिचोलिम. मागच्या सीटवर ७८ वर्षांची आत्या होती. ‘मार्सेल’ ऐकून तिने विचारले, ‘ही मार्सेल कोणाची रे?’ माशेल आहे म्हटल्यावर ती गप्प झाली. तिचे माहेर माशेल.

बाईने आम्हाला जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीखालून नेले. नवा गव्हर्नर आला की ह्याच कमानीतून वाजतगाजत शहरात शिरायचा. आम्ही उलटे बाहेर पडलो, फेरीच्या धक्क्यावर. फेरीबोट चुकता चुकता मिळाली. दिवाडी बेटावर उतरलो, तर काय ती हिरवी शेते आणि टेकडीवरचे ते चर्च! घड्याळात साडेदहा. मी शीळसुद्धा घातली. बायकोने ती नोंदवून ठेवली असावी.

‘यू हॅव अराइव्हड,’ बाई म्हणाली. समोर एक पाणवठा, आंब्याची दोन झाडे आणि एक गाय. मांडव नाही, सनई नाही.

जवळच्या घराच्या बलकांवावर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, एक वयस्क गृहस्थ पेपर वाचत होते. मी खिडकीतून विचारले, ‘नार्वें खंय?’

त्यांनी पेपर खाली ठेवला. गोव्यात वाट विचारली की लोक आधी तुम्ही कोणाचे ते विचारतात. ह्यांनी ते विचारले नाही, म्हणजे प्रकरण गंभीर होते. ‘खंयचें नार्वें? देव आशिल्लो तें, काय देव आसा तें?’ म्हणजे कुठले नार्वे, देव होता ते, की देव आहे ते?

मागून आत्याने कपाळावर हात मारला. ‘अरे सप्तकोटेश्वर! देव इथलाच. पोर्तुगीजांनी देऊळ पाडलं, तेव्हा लोकांनी लिंग नदीपलीकडे नेलं. तिकडचं देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये बांधून घेतलं. शाळेत शिकला नाहीस?’ शिकलो होतो. कॉमर्स घेण्याआधी.

म्हणजे नार्वी दोन. देव गेला त्याला चारशे वर्षे उलटली, पण बाईला कोणी कळवले नव्हते.

गृहस्थांनी मग वाट सांगितली. सरळ जायचे, जिथे पूर्वी तावेर्न, म्हणजे दारूचे दुकान, होते तिथे डावीकडे, पुढे ‘थंय कोणाकूय विचार’. तावेर्न कधी होते हे मी विचारले नाही. आत्यानेच बोट दाखवले, तिथे वळलो आणि धक्का आला.

नदीपलीकडे खरे नार्वे. वाऱ्यावर सनई स्वच्छ ऐकू येत होती. फेरीबोटही पलीकडेच होती आणि तिला काही घाई नव्हती. पूल चढायचा नाही, हे साडूचे शब्द मला तिथे पाण्यातसुद्धा लिहिलेले दिसले. बायको काही बोलली नाही. तिने पर्समधून चणे काढले आणि आत्याला दिले. मला दिले नाहीत.

पोहोचलो तेव्हा सव्वाबारा वाजले होते. साडूने दारातच विचारले, ‘पूल चढलास?’ मी वाकून बूट काढू लागलो.

आत बटू भिक्षेसाठी उभा होता. डोक्यावर घेरा, हातात दंड, समोर माइक. भटजी सांगत होते तसे म्हणत होता.

‘ॐ भवति’

‘ॐ भवति’

‘भिक्षां देहि. अरे, माइकजवळ ये.’

‘भिक्षां देहि अरे माइकजवळ ये!’

मांडव हसून कोसळला. साडूचे हसता हसता डोळे पुसणे चालले होते. मी मात्र हसलो नाही. प्रॉम्प्टरचा एकही शब्द न गाळणारा नट तीस वर्षांत मला पहिल्यांदाच भेटला होता.